दिगंबरकाका आणि न लागलेला दिवा

दिगंबरकाका गेल्याचं मला रामखिलावनने कळवलं. सकाळी मी आमच्या नर्सरीत रोपांना पाणी देत होते, तेव्हा फोन वाजला. ‘‘दीदी, कका नइ रहिन,’’ एवढंच तो म्हणाला. मी पाण्याचा नळ बंद केला. काका माझ्या वडिलांचे मित्र, रेल्वेच्या नोकरीत वर्ध्याकडून रायपूरला आलेले. रामखिलावन आमच्या पिकअपवरचा ड्रायव्हर होता. काकांशी त्याचं नातं नव्हतं, तरी बातमी आधी त्याच्याकडे पोचली याचं मला नवल वाटलं नाही.

रेल्वेत काकांनी सगळी नोकरी डब्यांतले दिवे आणि पंखे सांभाळण्यात काढली. डब्याखालच्या बॅटऱ्या आणि चाकाबरोबर फिरून त्या भरणारं यंत्र, हेच त्यांचं जग. निवृत्तीनंतर साखरेच्या आजाराने दोन्ही डोळे गेले, पण रायपूरच्या तात्यापारा भागातल्या त्यांच्या घरासमोर बिघडलेल्या गाड्या येतच राहिल्या. ओळखीच्या घरात फिरावं तशी त्यांची बोटं वायरींवरून फिरत.

नवं राज्य होऊन रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं, तेव्हाची गोष्ट. शहरापासून लांब वसत असलेल्या नवा रायपूरच्या रस्त्यांकडेला लावायची झाडं आमच्या नर्सरीतूनही जात. त्यासाठी डिझेल पिकअप एकच, आणि तिची बॅटरी दर दोन-चार दिवसांनी मान टाकायची. बॅटरी दोनदा बदलली. इंजिन चालू असताना बॅटरी भरतो तो अल्टरनेटरही नवा बसवला. तरी तेच. शेवटी मेकॅनिक म्हणाला, तुमचा ड्रायव्हरच दिवे सुरू ठेवून जात असेल. आम्हाला ते पटलं... खरं तर पटवून घेणं सोपं होतं. मी रामखिलावनला सांगितलं, एक तारखेपासून येऊ नकोस. तो मान हलवून ‘‘हव’’ म्हणाला आणि रोपं चढवायला लागला.

त्याच आठवड्यात वडिलांच्या आग्रहावरून गाडी धक्का मारून सुरू केली आणि काकांकडे नेली. मी सगळं सांगायला लागले, तर काकांनी हात वर केला. ‘‘तू थांब माय. गाडी कोन चालवते? त्याले बोलू दे.’’

रामखिलावन हळूच म्हणाला, गाडी नवा रायपूरला जाऊन आली की दुसऱ्या दिवशी नीट सुरू होते. गावातल्या गोल बाजारापर्यंतच गेली, की बंद. हे त्याने मलाही दोनदा सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

काकांनी इंजिन बंद करायला लावलं. ‘‘आता चावी फिरव, पन स्टार्ट नको करू. समोर बॅटरीचा लाल दिवा लागला का?’’

‘‘नाही काका,’’ मी म्हणाले, ‘‘तो कधीच लागत नाही. म्हणजे चार्जिंग बरोबर आहे ना?’’

काका हसले. ‘‘गाडी सुरू झाल्यावर इझलाच पाहिजे तो. पन इझासाठी पहिले लागाले नाही पाहिजे?’’

ते बॉनेटखाली वाकले, हाताने चाचपत अल्टरनेटर शोधला आणि त्याच्या पाठीला पेचकसाचं टोक लावलं. ‘‘लोखंड ओढत नाही. झोपून आहे हा.’’ त्या लाल दिव्यातून जाणाऱ्या थोड्याशा विजेने अल्टरनेटरमध्ये चुंबक तयार होतं आणि तो जागा होतो, आणि दिव्याचा बल्बच उडाला होता. लांबच्या रस्त्यावर इंजिन जोरात फिरलं की तो आपोआप जागा व्हायचा, गावातल्या गावात नाही. काकांनी रामखिलावनकडूनच बल्ब बदलवून घेतला, पुन्हा चावी फिरवायला सांगितली आणि पेचकस माझ्या हाती दिला. टोक जवळ नेताच अल्टरनेटरने ते खेचून घेतलं. आम्ही सगळे डोळे उघडे ठेवून रोज ज्याच्यासमोर बसत होतो, त्या दिव्याचं न लागणं डोळे नसलेल्या माणसाने अंगणात बसून ओळखलं होतं.

मी आभार मानायला गेले, तर काका म्हणाले, ‘‘मले काय सांगतं? त्याले सांग.’’

सगळ्यांसमोर मी म्हणाले, ‘‘भैया, चूक माझी होती. तू जाऊ नकोस.’’ तो खाली बघत म्हणाला, ‘‘कोनो बात नइ, दीदी.’’ पुढे कित्येक वर्षं तो दर रविवारी काकांकडे काम शिकायला जायचा. आज गाड्यांच्या वायरिंगचं त्याचं स्वतःचं दुकान आहे.

तेरावं झाल्यावर मी काकींना भेटायला गेले. काकांच्या खोलीत भिंतीला लागून एक फळी आहे, तिच्यावर लहानापासून मोठ्यापर्यंत पान्हे ओळीने मांडलेले. मी एक उचलला, जरा वेळ हातात धरला आणि परत ठेवला. काकी जागेवरून उठल्या. तो पान्हा त्यांनी दोन बोटं डावीकडे सरकवला.

‘‘तिथंच राहू दे माय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जागा बदलली का त्याईले सापडत नाही.’’