हिरव्या भिंतीतलं भगदाड

आज सुट्टी असूनही बागेत आलोय, फक्त ते भगदाड बघायला. जर्मनीतल्या या उन्हाळी राजवाड्याच्या बागेत आपल्या मेंदीच्या कुंपणासारखी झुडपं दोरी धरून कातरतात, भिंतीसारखी सरळ. मंगळवारी माझी कात्री खोल गेली आणि ताटाएवढं भगदाड पडलं. आठवीतून शाळा सोडलेल्या मला इथं कामाला ठेवणाऱ्या हेल्गाबाई ते बघून हसल्या. राजवाड्याकडे बोट दाखवत मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "हा बॉम्बनं जमीनदोस्त झाला होता, आम्ही परत उभा केला. तुझं भगदाड दोन वसंतांत भरेल, वेड्या."

पण माझ्या इथं राहून काम करायच्या परवान्यात एकच वसंत उरलाय. राजवाडा माणसांनी उभारला. पानाला घाई कोण करणार? आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "अरे, झाडाला तुझा परवाना वाचता येतो होय?"

परवाना वाढवायला हेल्गाबाईंची चिठ्ठी लागते. उद्या मागायची आहे. मंगळवारी त्या रागावल्या असत्या, तर मागितलीही असती. एवढं सांभाळून घेणाऱ्या माणसापुढं आणखी हात कसा पसरायचा, या विचारानं मी भिंतीला तिसरी फेरी मारतोय.