विकलेल्या गाडीची दुसरी किल्ली

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत मी दरोडे पाहिले, खून पाहिले. पण आष्टी तालुक्यात पोलीस ठाण्याचा प्रभारी असताना एका जुन्या गाडीच्या चोरीने जेवढा संताप आणला, तेवढा फार थोड्या गुन्ह्यांनी आणला असेल.

फिर्यादी कड्याजवळच्या एका बौद्ध कुटुंबातला, पोस्टात नोकरीला. पत्नीच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. डायलिसिससाठी तिला आठवड्यातून दोनदा नगरला न्यावं लागे आणि परतताना तिला बसवत नसे. म्हणून त्याने आष्टीत गाड्यांचं यार्ड चालवणाऱ्या एका दलालाकडून जुनी, पण ऐसपैस, मागे डिकी असलेली गाडी घेतली. मागच्या सीटवर ती आडवी होऊन घरी येई. काही आठवडे बरे गेले आणि भर दुपारी पोस्टाच्या दारातून गाडी नाहीशी झाली.

तो ठाण्यात आला तेव्हा मी कोर्टात होतो. ठाणे अंमलदाराने गुन्हा न नोंदवता साधा अर्ज घेऊन ठेवला आणि वर सुनावलं, "घरच्याच कुणी नेली असंल. आधी पाव्हण्यारावळ्यात बघा." मी परतलो तरी तो बाकावर बसूनच होता. त्याची हकिगत ऐकली आणि अंमलदाराला माझ्यासमोर गुन्हा नोंदवायला लावला. लोकांना दारातूनच वाटेला लावणारे पोलीस मला कधीच सहन झाले नाहीत.

पंचनाम्यात काच फुटल्याची खूण नव्हती, कुणी गाडी ओढून नेल्याचीही नव्हती. गाडी किल्ली लावूनच गेली होती. मी फिर्यादीला विचारलं, "किल्ल्या किती मिळाल्या होत्या?"

"एकच, साहेब. दुसरी हरवली म्हनला दलाल."

आपल्याकडे जुनी गाडी घेणारा बॉनेट उघडून बघतो, टायरला लाथ मारून बघतो, ॲव्हरेज विचारतो. दुसरी किल्ली मात्र कुणी मागत नाही.

चार दिवसांत पोस्टासमोरचा पंक्चरवाला आमच्या हवालदाराला बाजूला घेऊन म्हणाला, "त्या दलालाच्या यार्डाचाच डायवर घेऊन गेलता गाडी. माझ्याकडंच हवा भरली. मला वाटलं दुरुस्तीला चालली आसंल."

दलालाला बोलावलं. पांढरे कपडे, बोटांत अंगठ्या, एका पुढाऱ्याचा भाचा. तो चहा पीत असतानाच मला दोन फोन आले. चौकशी चालू आहे, एवढंच मी दोघांना सांगितलं.

"मला घेतानाच एक किल्ली मिळालती," तो म्हणाला. "पुढं गाडी गेली, त्याला मी काय करू? आन् साहेब, ह्या लोकांना कशाला लागती असली गाडी?"

हात शिवशिवले, खोटं कशाला सांगू? पण मारून घेतलेला जबाब कोर्टात टिकत नाही. शिवाय खोटं बोलणाऱ्याला मध्ये अडवू नये, तो आपणहून अडकतो. किल्ली एकच मिळाली, हे मी त्याच्याकडून नीट वदवून घेतलं.

आरटीओतून आधीच्या मालकाचा पत्ता काढला. परळीकडचं धर्मापुरी, मालक शाळामास्तर. मी किल्ल्यांचं विचारलं तर मास्तरांच्या आधी त्यांच्या पत्नीच बोलल्या.

"दोन. ताटात ठिवून दिल्या की. लई वर्सं सांभाळली गाडी, तशीच कशी लावून द्यायची?"

घरची गाडी विकताना पुष्कळ बायका तिला लेकीसारखी निरोप देतात. या बाईंनीही बॉनेटला हळदीकुंकू लावलं होतं आणि तांदळाच्या ताटात किल्ल्या ठेवून दलालापुढे धरल्या होत्या. मुलीने मोबाइलवर फोटो काढला होता. ताटात दोन किल्ल्या आणि त्यांवर अंगठ्या घातलेला हात, स्वच्छ दिसत होतं.

तो फोटो टेबलावर ठेवला तेव्हा दलालाने अंगठ्यांचा हात टेबलाखाली घेतला. ड्रायव्हर तर लगेच बोलता झाला. यार्डाच्या झडतीत विकलेल्या गाड्यांच्या किल्ल्यांचा डबाच सापडला. आधी विकायची, मग दुसऱ्या किल्लीने उचलायची, नंबराची पाटी बदलून पुन्हा विकायची. आणखी तीन कुटुंबं अशीच नागवली गेली होती. आमच्या फिर्यादीची गाडी बीडजवळच्या एका शेडमध्ये मिळाली.

खरा संताप पुढे आला. दलाल जामिनावर सुटला, फटाके वाजले. त्या तीन कुटुंबांनी जबाब फिरवले. मग गावातला एक मोठा जमीनदार ठाण्यातच फिर्यादीला समजावू लागला, "गाडी मिळाली ना? मिटवून टाका. गावात राहायचंय तुमाला." पोस्टवाला खाली मान घालून उभा. तो मोडणार, असं मला दिसत होतं. तो मोडला असता तर खटलाही मोडला असता.

त्याची पत्नी बाकावर बसली होती. ती जमीनदाराला म्हणाली, "भाऊ, गाडी मिळाली. पण मधल्या दिवसांत मी एसटीत उभी राहून आलते नगरहून. एकदा चक्कर येऊन पडले. लोकं मला दारू पिलेली समजले. ते कसं मिटवायचं, सांगा."

जमीनदार उठून गेला.

या तपासाने मला एक शिकवलं. चोर कायद्याला जेवढा जड जात नाही, तेवढे "मिटवा" म्हणणारे प्रतिष्ठित लोक जातात, आणि त्यांच्यावर लावायला माझ्याकडे कोणतंही कलम नव्हतं.

निकालाला मी हजर होतो. पोस्टवाला साक्षीत ठाम राहिला होता. दलालाला शिक्षा झाली. त्या तीन कुटुंबांपैकी कुणी आलं नव्हतं. पोस्टवाल्याची पत्नी मात्र डायलिसिस उरकून थेट आली होती. हाताला पट्टी तशीच होती, आणि न्यायाधीश निकाल वाचून संपवेपर्यंत ती खाली बसली नाही.