पाठलागाचं शेवटचं प्रकरण

देवधर सर गेल्याचं त्यांच्या घरमालकिणीने क्योतोहून फोनवर कळवलं, तेव्हा मी टोकियोतल्या तोयोसुच्या ऑफिसात होतो. सरांच्या वहीत जपानमधला, भारतीय नावाचा एवढा एकच नंबर होता, म्हणाली... मला फार ओशाळल्यासारखं झालं. गेल्या चार वर्षांत मी त्यांना भेटलोही नव्हतो.

ओळख २०११च्या भूकंपाच्या आठवड्यातली. अणुभट्टीच्या भीतीने बायको आणि लहान मुलीला घेऊन मी टोकियो सोडलं होतं. कुणाच्या तरी ओळखीने क्योतोला सरांकडे पोहोचलो. साठी ओलांडलेला, एकटा राहणारा हा युद्धेतिहासाचा संशोधक. त्यांनी आपली एकुलती एक खोली आम्हाला दिली आणि स्वतः स्वयंपाकघरात झोपले.

"पळून आलो, सर," मी म्हटलं.

"अरे, त्यात लाज कसली? मी आयुष्यभर पळणाऱ्यांचाच अभ्यास करतोय."

त्यांचा विषय होता, वाळवंटात माघार घेणाऱ्या सैन्याचा पाठलाग. जिंकणारं सैन्यही रोज थकत जातं, पेट्रोल आणि पाणी मागे राहतं, आणि शत्रू हाती लागत नाही, हे ते बोटाने चटईवर रेघा ओढून समजावत. त्यांचे वडील महायुद्धात लिबियात पेट्रोलचा ट्रक चालवत होते. एकदा रस्त्याकडेला मागे राहिलेल्या शत्रूच्या एका सैनिकाने हात करून पाणी मागितलं. थांबायचं नाही, असा हुकूम होता. वडील थांबले नाहीत. हे त्यांनी मुलाला मरणाआधी एकदाच सांगितलं.

"पुस्तकाचं शेवटचं प्रकरण अडलंय ते त्या माणसापाशी," सर म्हणाले. "त्याचा कागद कुठल्याच दप्तरात नाही रे."

तीन आठवड्यांनी आम्ही परतलो. नंतर मी दोनदाच गेलो. फोनवर ते "ये की" म्हणत, मी "नक्की" म्हणत असे...

गेल्या महिन्यात सामान आवरायला गेलो. इंग्रजी हस्तलिखिताच्या तळाशी शेवटचं प्रकरण सापडलं. मराठीत, जेमतेम दोन पानं. त्यात सेनापती नाहीत, नकाशे नाहीत. तहानलेला एक माणूस, आणि शेवटी, 'माझ्या वडिलांनी ट्रक थांबवला नाही.'

घरमालकिणीने काय लिहिलंय विचारलं. मोडक्यातोडक्या जपानीत मी सांगितलं.

"त्या सैनिकाचं पुढे काय झालं?"

"कुणालाच माहीत नाही."

ती चहा आणायला खाली गेली. मी सरांच्या खुर्चीत बसून राहिलो. त्या खोलीत दुसरी खुर्चीच नव्हती.