भट्टीतली वीट आणि माझी दाढ

स्मृति नगरच्या दातांच्या दवाखान्यात मी कधीही गेलो तरी एक आजोबा बाकावर असायचेच. कवळी सैल होते, ही त्यांची कायमची तक्रार. जन्मभर स्टील प्लांटमध्ये भट्टीच्या आत विटा लावलेल्या. बोलताना डावा हात गालावरून हलत नसे.

माझी दाढ काढायची होती. त्या खड्ड्यात हाडाची पूड भरू, म्हणजे जबडा झिजणार नाही आणि पुढं इम्प्लांट पक्कं बसेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मला ऐकूनच कसंतरी झालं.

"पूड नको म्हणतो," मी आजोबांना सांगितलं.

"कावून जी? भट्टीतली वीट पडली का आमी त्याच शिफ्टमधी भरत होतो. भोक सोडलं का बाजूच्याबी ढिल्या होतेत."

"तुमचे दात काढले तेव्हा तुम्ही भरलं होतं?"

गालावरचा हात काढून त्यांनी माझं बोट तिथं दाबलं. बोट आत गेलं. खाली हाड लागेचना.

"मले तवा कोनी सांगतलं नाही," ते म्हणाले. "अन् मी भट्टीवाला असून मलेबी सुचलं नाही."

तासाभरानं मी तोंडात कापूस धरून बाहेर आलो.

"भरलं?"

मी होकारार्थी मान हलवली. ते हसले, आणि हात पुन्हा गालावर गेला.