धुऱ्यापलीकडची माती

मूठभर माती नाकाशी धरल्याशिवाय तो कोणाशी बोलायचा नाही. मग म्हणायचा, "जित्ती हाय." हिवरखेडकडचा माझा हा म्हातारा शेजारी, धुऱ्याला धुरा, म्हणजे शेताच्या बांधाला बांध लागून आमची वावरं. जो माणसांआधी मातीची खुशाली विचारतो, त्याच्यावर तुम्ही तरी विश्वास ठेवला असता का? मी नाही ठेवला.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आम्ही कुरणंसुद्धा मोडून कापसाची पऱ्हाटी लावली. हा मात्र एक वर्ष पऱ्हाटी, एक वर्ष हरभरा. एवढा भाव सोडतो म्हणजे याच्या पोटात काहीतरी आहे, असं मी घरी रोज सांगायचो.

तिसऱ्या वर्षी जिकडेतिकडे कापूसच, खायला दाणा मिळेना. घरात सात तोंडं. म्हणून कुरण मोडलेल्या वावरात मी हरभरा पेरायला काढला. पेरणीच्या सकाळी पाहतो तर म्हातारा टोपल्याने आपल्या वावरातली माती माझ्या ओळींत टाकतोय. चार ओळी झाल्यासुद्धा होत्या. मी टोपलं हिसकावलं.

"इथं हरभऱ्याचं कोनी नाई," तो म्हणाला. "माह्या वावरातलं देऊन रायलो."

"कोण कोणी?"

"मले तरी कुठं दिसते?"

झालं. न दिसणारं कोणीतरी माझ्या वावरात सोडतोय, म्हणजे करणीच की.

महिन्याभरात सगळा हरभरा पिवळा पडला, त्या चार ओळी तेवढ्या हिरव्यागार. मेल्याने सगळ्या वावराचा कस तिथे ओढला, अशी माझी खात्री पटली. मी पाटलाकडे करणीची तक्रार केली. गावाने म्हाताऱ्याकडे जाणंयेणं तोडलं. मुळं उपटून पाहा, एवढंच तो म्हणत राहिला.

हरभऱ्याचे घाटे भरले ते त्या चार ओळींतच. तेव्हा कुठे मी कोणी बघत नाही असं पाहून दोन झाडं उपटली. पिवळ्याची मुळं कोरी, हिरव्याच्या मुळांवर गाठीच गाठी. एक नखाने फोडली, आत लालसर, ओली. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्याच्या दाराशी जायला पाय उचलला नाही.

तो पावसाळ्यात गेला. खांदा द्यायला गावातलं कोणी नव्हतं. मीही नव्हतो.

पुढच्या पेरणीला रिकामं टोपलं घेऊन त्याच्या बायकोसमोर उभा राहिलो. तिनेच विचारलं, माती पाहिजे का म्हणून.

"ने," ती म्हणाली. "पन लोकायले सांगून ने, भाऊ. चोरून नेशीन तं पुन्हा त्यायचंच नाव येईन."

भरलेलं टोपलं डोक्यावर घेऊन मी पाटलाच्या दारावरून गेलो, विचारील त्याला सांगत.