करंट गेला तेव्हा

डॉक्टरीणबाईंनी केसपेपरवर तीन इंग्रजी शब्द लिहिले आणि कागद माझ्याकडे फिरवला. ओपिऑइड यूज डिसऑर्डर. मी शाळेत क्लार्क आहे, इंग्रजी वाचता येतं, पण अर्थ लागेना. बाई धारवाडकडच्या, मराठी जपून बोलायच्या. म्हणाल्या, “अफूच्या जातीच्या औषधाची सवय लागली की त्याशिवाय मेंदू नीट चालत नाही. हा आजार आहे. तुमच्या भावाला हा आजार झालाय.”

शेजारच्या स्टुलावर संजू खाली मान घालून बसला होता. अडतीस वर्षांचा माणूस, पण बाजारात हरवलेल्या पोरासारखा दिसत होता. मी टायफॉइड ऐकायच्या तयारीने गेले होते. हे ऐकून मला आधी लाज वाटली आणि मग त्या लाजेची लाज वाटली.

तुमच्या घरातही कधी कुणाला सारख्या जांभया येऊ लागल्या, नाक गळू लागलं, उन्हाळ्यात अंगावर काटा येऊन पाय वळू लागले, तर आमच्यासारखं सुंठ-मिऱ्याच्या काढ्यावर भागवू नका. आम्ही महिनाभर काढा पाजला. याला विथड्रॉवल म्हणतात, म्हणजे सवयीचं औषध वेळेवर न मिळाल्यामुळे शरीर करतं तो आकांत. बाईंनी सांगितल्यावर ते आम्हाला कळलं.

आम्ही वडगावचे, विणकर. आमचे वडील, आप्पा, होते तेव्हा घरात चार पॉवरलूम होते. संजू माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. त्याचा पाळणा मागाच्या खोलीतच टांगलेला असायचा. पाहुण्यांना त्या खडखडाटात बोलता यायचं नाही, आणि हा गाढ झोपायचा. करंट गेला, माग थांबले, की मात्र डोळे उघडून भोकाड पसरायचा. गल्लीत दिवे गेले की बाकीच्या बायका रॉकेलची चिमणी शोधायच्या, आमची आई ‘उठलास काय रं’ म्हणत पाळण्याकडे धावायची.

मोठा झाल्यावर तो माझ्या शेजारी बसून चरख्यावर कांड्या भरायचा. कांडी म्हणजे मागावर आडव्या धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची गुंडाळी. माझ्या दहा व्हायच्या तोवर त्याच्या तीन, आणि त्या तिन्ही सैल. आप्पा म्हणायचे, “ह्या पोराच्या कांड्यांचं लुगडं नेसलं तर ते बी वाटेत सुटंल.” संजू सगळ्यांत जास्त हसायचा. तसं हसू मी पुढे कुठे ऐकलं नाही.

आप्पा गेले, माग मोडीत गेले. संजू मच्छे गावच्या फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात लागला. ओझं उचलताना कमरेत सणक भरली. आधी दुखण्यावरच्या गोळ्या झाल्या, त्या पुरेनात. मग कुणीतरी कागदाच्या पुडीतली पावडर दिली. बाई म्हणाल्या, ती हेरॉइनच्या जातीची. बायको माहेरी कंग्राळीला निघून गेली, तेव्हाही आम्ही ‘स्वभाव बिघडलाय’ म्हणत होतो.

मी बाईंना हळूच विचारलं, “पोलिसांत कळवावं लागंल काय?”

“मी डॉक्टर आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही पोलिसाच्या भीतीनं घरात लपवून ठेवलं तर मला माणूस दिसतच नाही, बरा कसा करू?”

उपचार म्हणजे जिभेखाली ठेवायची एक गोळी. ब्युप्रेनॉर्फिन. मेंदूतल्या ज्या जागेला पावडर हवी असते, तिथे ही जाऊन बसते, म्हणून तगमग होत नाही आणि धुंदीही चढत नाही. ती रोज घ्यायची, मनाने बंद करायची नाही. हे वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं आणि दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून सांगितलं.

पहिले काही आठवडे रोज दवाखान्यात जावं लागे. बाकावर आमच्यासोबत एक रिक्षावाले, उचगावचे एक शेतकरी, इस्त्रीचा शर्ट घातलेला एक कॉलेजातला मुलगा असायचे. पहिल्या दिवशी मी पदराने तोंड झाकून बसले होते. पंधरा दिवसांत रिक्षावाल्यांच्या लेकीच्या मार्कांची चौकशी करू लागले.

संजू सुधारला. जेवू लागला. एका दुपारी कपाट आवरताना जुना चरखा आणि कांड्यांचा डबा निघाला, तर संजू बसला आणि एक कांडी भरून दाखवली. अजून सैलच. आई हसता हसता रडली. पुढे आठवड्याच्या गोळ्या घरी मिळू लागल्या, माझ्या हवाली.

इथे आमचं चुकलं, आणि ती चूक सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

आमच्याकडे दारू सोडवायची एक जुनी रीत आहे. देवीसमोर भंडारा उचलायचा, म्हणजे हळद हातात घेऊन शपथ घ्यायची. एकदा भंडारा उचलला की माणूस त्या वाटेला जात नाही, कारण शब्द देवीला दिलेला असतो. आमच्या काकांची दारू तशीच सुटली होती. जत्रेच्या आधी आईने तेच काढलं.

“गोळी बी त्याच जातीची म्हंत्यात न्हवं? मग ती बी नशाच,” आई म्हणाली. “भंडारा उचलायचा तर तोंड धुतल्यागत कोरं पायजे.”

संजू माझ्याकडे बघत म्हणाला, “आक्का, बाईंनी बंद करू नको म्हटलंय.”

मी शिकलेली. आठवड्याला केसपेपर मीच वाचत होते. मी ‘आई, न्हाय’ म्हणायला हवं होतं. पण खरं सांगते, मला कांड्या भरणारा संजू परत हवा होता, कुठल्याही गोळीविना हसणारा. मागे वळून बघायची मला लई खोड. मी म्हटलं, “एवढे चार महिने बरा हाईस. देवीचं नाव घे आणि सोड.” त्याने भंडारा उचलला. गोळ्यांचं पाकीट मी कांड्यांच्या डब्यात टाकलं आणि वर झाकण लावलं.

पहिला आठवडा त्याने पांघरूण घेऊन काढला. आई म्हणाली, देवी परीक्षा बघते. दुसऱ्या आठवड्यात तो उठून बसला, आम्ही पेढे वाटले. तिसऱ्यात तो गप्प झाला.

एका शनिवारी मी अर्ध्या दिवसाची शाळा करून घरी आले होते. शेजाऱ्यांचे माग जोरात चालू होते. संजू न्हाणीघरात गेला होता. भर दुपारी करंट गेला, माग थांबले, गल्ली एकदम चिडीचूप. आई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि सवयीने हाक मारली, “उठलास काय रं, संजू?”

अडतीस वर्षांपूर्वीची हाक. ती हाक मारल्यावर तिची तीच हसली. पण आतून काही आवाज आला नाही. पाण्याचा नाही, खोकल्याचा नाही. माग चालू असते तर आम्हाला ते तासभर कळलं नसतं.

शेजारच्या अण्णांनी दार फोडलं. ओठ निळे, श्वास कुठे तरी एखादा. अण्णांनी एकशे आठला फोन केला. गाडीत मी त्याची मान धरून बसले होते आणि देवीला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कॅज्युअल्टीत तरुण डॉक्टरांनी विचारलं, “काय घेतलंय?” दारात एक पोलीस उभा होता. मागे आमच्या गल्लीतली चार माणसं. मला वाटलं, चक्कर आली म्हणावं, विष म्हणावं, काहीही म्हणावं पण ते नको.

“ताई, लवकर. कळलं तर लगेच इंजेक्शन देतो.”

“पावडर,” मी म्हटलं. “हेरॉइनच्या जातीची. आधी गोळी चालू होती, आम्ही बंद केली.” एवढ्या मोठ्याने बोलले की कॉरिडॉरच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असेल.

त्यांनी नॅलॉक्झोन दिलं. पावडरीने बंद पाडलेला श्वास हे इंजेक्शन पुन्हा चालू करतं. थोड्या वेळाने एक डोस आणखी दिला. संजूने मोठा श्वास ओढला, डोळे उघडले आणि चिडून म्हणाला, “करंट आला काय?” मी त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडले.

पोलिसाने नाव-पत्ता लिहून घेतला, मला बसायला खुर्ची आणून दिली आणि गेला. मी इतके महिने ज्या गोष्टीला घाबरत होते ती एवढीच निघाली. सगळीकडे असंच होईल असं मी सांगू शकत नाही.

सोमवारी बाईंसमोर बसलो. त्या रागावतील असं वाटलं होतं, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “गोळी थांबली की शरीराची सहन करायची ताकद उतरते. मग जुन्याच मापाची पावडर जीव घेते. शपथेनं न्यूमोनिया बरा होतो का?” मग आईला विचारलं, “तुमची शुगरची गोळी किती वर्षं?”

“बारा.”

“ती कधी सुटणार म्हणून देवीला विचारलंत?”

आईने पिशवीतून आपली शुगरच्या गोळ्यांची पट्टी काढून बघितली. घरी येताना रिक्षातही ती तिच्या हातातच होती.

संजूची गोळी पुन्हा सुरू झाली, पण तो खचला. “माझी शपथ मोडली, आक्का. आता देवीच्या पायरीवर कुठल्या तोंडानं जाऊ?” एवढंच म्हणायचा. बाईंच्या औषधात यावर काही नव्हतं.

पुढच्या मंगळवारी आईने इरकली साडी नेसली, संजूला आणि मला घेऊन देवळात गेली. गुरवांना म्हणाली, “भंडारा द्या. ह्याला न्हाय, मला.” सत्तरीची बाई, हळद बोटांतून सांडत होती.

“त्याला शपथ मी घ्यायला लावलेली, चूक माझी. ती मला माघारी दे,” ती देवीला म्हणाली. “आता माझी घे. मी जिती हाय तवर त्याची गोळी एक दिस बी चुकू देणार न्हाय.”

याला वर्ष होऊन गेलं. बाई म्हणतात, गोळी आणखी किती वर्षं ते पुढे बघू. मी विचारणं सोडलंय. कंग्राळीहून संजूची बायको महिन्यातून दोनदा येते, राहत नाही अजून. संजू पूर्वीसारखा हसत नाही. तो पाळण्यातला संजू आता कुठे नाही, आणि जो आहे त्याला मी आता नीट बघते.

रोज सकाळी दोन गोळ्या निघतात. आई आपली शुगरची घेते आणि पाणी पिते. संजू आपली जिभेखाली ठेवतो. ती विरघळेपर्यंत बोलायचं नसतं, म्हणून आईही बोलत नाही, त्याच्यासमोर बसून राहते. शेजारी माग चालू असतात. दिवसभरात कधीही करंट गेला की ती आतून हाक मारते, आणि संजू घरात कुठेही असला तरी ओरडून सांगतो, “हाय गं, आई.”