एका भिंतीला दोन मालक

माझी आत्या घरं बाहेरून धुते. घर आतून धुणारे पुष्कळ असतात, बाहेरून धुणारी आमच्या माहितीत ती एकटीच. एक प्रेशर मशीन, लांबलचक पाइप आणि कायम ओलसर वास मारणारी छोटी व्हॅन, एवढा तिचा पसारा. सगळे तिला ‘फवारा’ म्हणतात. मशीन बंद असतानाही म्हणतात, यावरून काय ते समजा.

आतोबांचं गाड्या धुण्याचं दुकान होतं. ते गेले, दुकान गेलं, मशीन तेवढं राहिलं. आत्यानं ते उचललं आणि एका ओळखीच्यांच्या भिंतीवर रोखलं. मशीननं असा काही मागे धक्का दिला की बाई थेट त्यांच्या फुलझाडांत जाऊन बसल्या. पुढच्याच कामाला धार चुकून पायावर गेली, बूट चिरला आणि अंगठ्याला टाके पडले. तो चिरलेला बूट ती अजून व्हॅनमध्ये टांगून ठेवते. कुणी म्हणालं, ‘‘अहो, पाणीच तर आहे,’’ की बूट त्याच्या नाकासमोर.

तेव्हापासून तिचे नियम पक्के आहेत. शिडीवर चढून पाण्याची गन धरायची नाही, जमिनीवरूनच लांब दांडी लावायची. धार पसरट ठेवायची, लांबून सुरुवात करायची, मग हळूहळू जवळ. साबण खालून वर, पाणी वरून खाली. गंमत म्हणूनसुद्धा गन माणसाकडे वळवायची नाही. हे सगळं ती गिऱ्हाइकाला ऐकवते, त्यानं विचारलेलं नसलं तरी.

पण तिचा सगळ्यात कडक नियम वेगळाच आहे. ज्याची खिडकी, त्यानं स्वतः आत्यासमोर उभं राहून ‘बंद आहे’ म्हणायचं. निरोप चालत नाही. एकदा एका सूनबाईंनी ‘मामंजींची खिडकी बंदच असते हो’ असं सांगितलं होतं. ती नेमकी त्या दिवशी उघडी होती, आणि मामंजी खिडकीला लागूनच झोपले होते. ते गादीसकट धुऊन निघाले. आत्या हे सांगताना हसत नाही. आम्हीच हसतो, मग ती आमच्यावर डाफरते.

आता आमच्या घराविषयी. घर एक, दारं दोन. डावीकडे आम्ही, उजवीकडे धाकटा काका. मधली भिंत आतल्या बाजूनं आहे, बाहेरून तोंड एकच. बाबा आणि काका कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण फाटकावरून झालं म्हणे. बाबा म्हणतात, तो काय बोलला ते विचार. काका म्हणतो, दादा कुठल्या आवाजात बोलला ते विचार. मी कुणालाच काही विचारत नाही, मला माझं डोकं प्रिय आहे.

या वर्षी बाहेरच्या भिंतीवर एवढं शेवाळ चढलं की आईनं बाबांच्या मागे भुणभुण लावली. बाबांनी बहिणीला फोन केला. ती सुटीच्या दिवशी सकाळी व्हॅन घेऊन हजर. बाबा तयारच होते. त्यांनी भिंतीच्या बरोबर मधोमध खडूनं वरपासून खालपर्यंत रेघ ओढून ठेवली होती.

‘‘या रेघेपर्यंत आपलं,’’ बाबा म्हणाले. ‘‘पलीकडे एक थेंब जाता कामा नये.’’

आत्यानं रेघ खालपासून वरपर्यंत पाहिली. ‘‘दादा, पाण्याला वाचता येत नाही.’’

मशीन लावण्याआधी ती नेहमी थोडा भाग हातानं घासून बघते, साबणानं रंग निघत नाही ना म्हणून. त्यासाठी ती मागची, कुणाच्या नजरेत न येणारी जागा निवडते. त्या दिवशी बाईंनी बादली आणि ब्रश घेतला आणि सरळ खडूच्या रेघेवरच घासायला सुरुवात केली. थाळीएवढा पांढराशुभ्र गोल, अर्धा आमच्यात, अर्धा काकाकडे. उरलेली भिंत एकदम लाज वाटावी इतकी घाण दिसायला लागली.

मग तिनं बूट चढवले, चष्मा लावला, बाहेरच्या प्लगवर प्लास्टिक चिकटवलं. ‘‘खिडक्या?’’

‘‘बंद आहेत,’’ बाबा म्हणाले.

‘‘त्याच्या?’’

‘‘त्याच्याही.’’

‘‘आणि भिंतीवरच्या मधल्या दिव्याचं बटण? ते त्याच्याकडे आहे.’’

‘‘बंद असेल की. दिवसाढवळ्या कोण दिवा लावतंय!’’

तेवढ्यात काकाच्या वरच्या खिडकीतला पडदा बाहेर आला, फडफडला आणि कुणीतरी घाईनं आत ओढला. आत्यानं गन खाली ठेवली, बादली पालथी घातली आणि वर बसली.

आई चहा घेऊन आली. आत्यानं मान हलवली. ‘‘नको वहिनी. मला दोन चहांचा कंटाळा आलाय. इथे आले की पहिलं कुणाच्या दारात जायचं, याचाच घोर. इकडे घोटभर प्यायचा, तिकडेही घोटभर, आणि दोन्हीकडे काही पाहिलं नाही, ऐकलं नाही असं तोंड करायचं. मला एक माहेर होतं. तुम्ही त्याचे दोन तुकडे केलेत, आणि दोन्ही तुकड्यांत मी पाहुणी.’’ मग ती बाबांकडे वळली. ‘‘आज ही भिंत अख्खी धुतली गेली तर ठीक. नाहीतर मी मशीन उचलते आणि परत येत नाही. इकडेही नाही, तिकडेही नाही.’’

एरवी आत्या खूप ओरडते आणि कुणी मनावर घेत नाही. हे ती हळू आवाजात म्हणाली. मला खरंच भीती वाटली.

बाबा अंगणात येरझाऱ्या घालू लागले. पांढऱ्या गोलाकडे बघायचे, पुन्हा चालायचे. शेवटी माझ्याजवळ येऊन पुटपुटले, ‘‘तू जाऊन सांग ना काकाला.’’

‘‘निरोप चालत नाही,’’ बादलीवरून आवाज आला.

बाबा गेले. काकाच्या दारासमोर उभं राहून त्यांनी घसा खाकरला. बेल वाजवायच्या आत दार उघडलं. काका दारामागेच उभा असणार, दुसरं काय.

‘‘खिडकी लाव,’’ बाबा म्हणाले.

‘‘कोणती?’’

‘‘सगळ्याच. आणि मेन स्विच बंद कर.’’

‘‘आधी सांगायचं ना.’’

‘‘आता सांगतोय ना!’’

‘‘हाच! हाच तो आवाज!’’ काका माझ्याकडे बघून म्हणाला, जणू कित्येक वर्षांनी साक्षीदार सापडला होता. पण आत जाऊन त्यानं धडाधड खिडक्या लावल्या, स्विच पाडला आणि आत्यासमोर येऊन म्हणाला, ‘‘बंद आहे. सगळं.’’

आत्यानं दोघांना आपल्या मागे, पार फाटकापाशी उभं केलं आणि मशीन सुरू केलं. वरून हिरवं पाणी ओघळू लागलं. पहिल्याच फटक्यात खडूची रेघ गेली. ती जाताना बाबांनी पाहिली. थोड्या वेळानं दोघं भाऊ शेजारी शेजारी उभे राहून तिला सूचना करू लागले. ‘‘जरा डावीकडे!’’ ‘‘अगं, कोपरा राहिला!’’ मशीनच्या आवाजात तिला एक अक्षर ऐकू जात नव्हतं, हे त्यांच्या भाग्याचं.

काम झालं. तिनं मशीन बंद केलं, पाइपात उरलेला दाब खटका ओढून सोडून दिला आणि व्हॅनच्या पायरीवर बसून बूट काढू लागली. भिंत ओली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच रंगाची.

एका दारातून काकू म्हणाली, ‘‘या वन्सं, चहा टाकते.’’ दुसऱ्या दारात आई उभी होतीच. आत्या मान खाली घालून लेस सोडवत राहिली. ती कुठेच बघेना.

बाबांनी पुन्हा घसा खाकरला. ‘‘सगळ्यांचा तुझ्याकडेच टाकायला सांग,’’ ते काकाला म्हणाले. ‘‘आमच्याकडचं दूध संपलंय.’’

आईनं नुकतंच पातेलंभर दूध तापवून ठेवलं होतं. तिनं बाबांकडे एकदा पाहिलं, पायात चपला सरकवल्या आणि आमचं दार बाहेरून ओढून घेतलं.